आवाज थांबले, पण लक्ष लागत नाही : शुभंकरांनी काय करावे

सायकोसिस म्हणजे भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार. त्याच्या गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले, कानात येणारे आवाज थांबले, शेजारी कट करत आहेत हा संशयही मावळला. तरीही मुलगा दहा ओळी वाचून पुस्तक मिटतो आणि तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच घेऊन परततो. बहुतेक घरांत याला आळस म्हणतात. तो आळस नाही, हे शुभंकरांनी, म्हणजे आजारी व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांनी, आधी समजून घ्यावे, कारण पुढचे सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत.

डोपामिन हे मेंदूतील पेशींचे निरोप पोहोचवणारे रसायन आहे. सायकोसिसमध्ये मेंदूच्या आतील स्ट्रायटम या भागात अनेकांमध्ये ते प्रमाणाबाहेर तयार होते, आणि त्यामुळे रस्त्यावरच्या हॉर्नसारख्या क्षुल्लक गोष्टीलाही भलताच अर्थ चिकटतो, असे मानले जाते. कपाळामागच्या भागात, जिथे आपण ऐकलेला फोन नंबर लिहून होईपर्यंत धरून ठेवतो, तिथे मात्र स्किझोफ्रेनिया (सायकोसिस ज्यात होतो असा एक आजार) असलेल्या व्यक्तींमध्ये डोपामिन कमी सुटत असल्याचे मेंदूतील रसायनांचे काम दाखवणाऱ्या पेट स्कॅनच्या अभ्यासांत आढळले आहे. औषधे डोपामिनचे डी-२ ग्राही, म्हणजे त्याचा निरोप स्वीकारणाऱ्या पेशींवरच्या जागा, अडवतात आणि हे ग्राही प्रामुख्याने स्ट्रायटममध्ये असतात. म्हणून आवाज थांबतात, पण स्मरण आणि एकाग्रता आपोआप परत येत नाही. अनेकांच्या बाबतीत ही अडचण पहिल्या झटक्याच्या आधीपासूनच थोडीफार असते, त्यामुळे सगळा दोष गोळ्यांवर टाकणेही बरोबर नाही.

पहिले काम म्हणजे एक वही करणे. दोन आठवडे, काय विसरले, किती वेळ लक्ष टिकले, झोप किती झाली आणि गोळी कधी घेतली, एवढेच त्यात लिहावे. शुभार्थीला, म्हणजे आजारी व्यक्तीला, विश्वासात घेऊन लिहावे; त्याच्या पाठीमागे केलेली नोंद त्याला पाळतीसारखी वाटू शकते.

ही वही घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जावे आणि मात्रेबद्दल स्पष्ट विचारावे. बहुतेक औषधांचा गुण साधारण ६५ ते ८० टक्के डी-२ ग्राही अडवले गेल्यावर येतो. त्यापुढे हातापायांचा ताठरपणा, कंप आणि मंदपणा वाढण्याचा धोका असतो. दुसरा प्रश्न माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे, कारण तो फारसा कोणी विचारत नाही. कंप कमी व्हावा म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी स्वतःच स्मरणशक्ती मंदावते. ती अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. कोणतीही गोळी घरच्या घरी एकाएकी बंद करू नये, आजार उलटतो. याच भेटीत नैराश्य, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणीही करून घ्यावी. गांजा पूर्ण बंद हवा. सिगारेट सोडताना मात्र आधी डॉक्टरांना सांगावे, कारण धूर थांबला की क्लोझापिन आणि ओलान्झापिन या सायकोसिसवरील औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.

घरात एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती कागदावरही लिहावी. किल्ली, चष्मा, गोळ्यांचा डबा यांच्या जागा ठरवून टाकाव्यात. "किती वेळा सांगायचं तुला?" हे वाक्य घरातून हद्दपार करावे, त्याने लक्ष वाढत नाही, शुभार्थी फक्त बोलायचा थांबतो. रोज भरभर चालणे सुरू करावे. नियमित व्यायामाने विचारशक्तीला मदत होते, असे अभ्यास सांगतात, आणि सोबत कोणी चालले तर तो टिकतो.

स्मरण, लक्ष आणि नियोजन यांचा पद्धतशीर सराव करून घेणारी कॉग्निटिव्ह रेमेडिएशन ही उपचारपद्धती आहे. ती जवळपास कुठे मिळते, हे डॉक्टरांना किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विचारावे. नुसत्या मोबाइलवरच्या खेळांपेक्षा हा सराव खऱ्या कामाला जोडला की जास्त उपयोगी पडतो. म्हणून काम शुभार्थीलाच निवडू द्यावे, मग ते दुकानातला हिशेब असो वा रविवारचे पोहे. त्याचे छोटे टप्पे कागदावर मांडावेत, आणि पहिला टप्पा सहज जमू लागल्यावरच दुसरा सुरू करावा.