जुन्या गाडीचे टायर बदलताय? या चुका टाळा

गाडी हौसेने घेतात, रंगकाम मनासारखं होईपर्यंत महिनोन्महिने थांबतात, मूळ मोनोग्राम मिळावा म्हणून जुना बाजार पालथा घालतात. टायरची वेळ आली की मात्र दुकानात जाऊन "चौदाचे चार द्या" एवढंच सांगतात. रस्त्याला टेकलेली गाडीची एकमेव वस्तू म्हणजे टायर. निदान त्याच्यासाठी तरी घाई करू नका.

प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घेऊ. तिचा मूळ टायर 5.20-14. पहिला आकडा टायरची इंचातली रुंदी, दुसरा रिमचा व्यास, तोही इंचात. मधली आडवी रेघ सांगते की टायर क्रॉस-प्लाय आहे, म्हणजे आतले दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे. दुकानात त्याला नायलॉन म्हणतात. चेतक चालवलेल्यांना 3.50-10 आठवत असेल, तीच ही पद्धत. दुसरी जात रेडियल, तिच्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. रेडियलवर लिहिलेलं असतं 165/65 R14. इथे रुंदी मिलिमीटरमध्ये, 65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, आर म्हणजे रेडियल आणि 14 पुन्हा रिमचे इंच.

खरी गडबड त्या मधल्या आकड्याची होते. 5.20-14 वर तो नसतोच. जुन्या रेडियलवरही, उदाहरणार्थ 155 R14 वर, तो लिहिलेला नसतो. तिथे साधारण 80 ते 82 टक्के धरायचे. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर तो रिमचा 14 बघतो आणि समोर असेल तो टायर चढवतो.

माझ्या एका मित्राच्या पद्मिनीला असेच एका दुकानाने 165/65 R14 बसवून दिले. आजकालच्या हॅचबॅकचा माप, म्हणून लगेच मिळाला. टायर चकचकीत, मित्र खूश. आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासतो, टॉपला इंजिन ओरडतं, मायलेज पडलं. कुणी कार्ब्युरेटर उघडायला सांगितला, कुणी मागच्या पाट्या बदलायला सांगितल्या, आणि पाट्यांवर खर्चही झाला. मी गाडीखाली न जाता कागदावर हिशेब मांडला. मूळ टायर उभा सुमारे 61 सेंटीमीटर, नवा 57. म्हणजे गाडी दोन सेंटीमीटर खाली बसली होती आणि काटा 80 दाखवायचा तेव्हा खरा वेग 75 च्या आसपास असायचा. चाक लहान, म्हणून तेवढंच अंतर कापायला इंजिनाला जास्त फिरावं लागत होतं. बिघाड कुठेच नव्हता, चुकला होता तो टायरचा नंबर.

म्हणून माझी सवय अशी: दुकानात जायच्या आधी वहीत गणित करायचं. रुंदीला टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच गुणिले 25.4 मिळवा. आलेली उंची मूळ टायरपेक्षा दोन-तीन टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे असेल तर तो टायर मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. आणि 5.20 इंच म्हणजे 132 मिलिमीटर, असा सरळ हिशेब करून 135 चा टायर शोधू नका. फोक्सवॅगन बीटलच्या 5.60-15 च्या जागी 165 R15 बसतो, 142 नाही.

आधीच्या मालकाने लावलेल्या टायरवरचा नंबर उतरवून आणणं ही दुसरी नेहमीची चूक. चार हात फिरलेल्या गाडीवर काय लावलेलं असेल याचा नेम नसतो. गाडीचं मॅन्युअल बघा आणि रिमवर ठोकलेला आकडाही वाचा. 4J×15 मधला 4 म्हणजे रिमची रुंदी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मधे फुगतो, मधेच झिजतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासतो.

आता ज्या चुकीने माझी झोप उडते ती. पैसे वाचवायला दोनच रेडियल घ्यायचे आणि "स्टिअरिंग हलकं होईल" म्हणून पुढे लावायचे, मागे जुने नायलॉन तसेच. साताऱ्याच्या एका काकांच्या अ‍ॅम्बेसेडरला असंच केलं होतं. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणावर, पहिल्याच पावसात, पुढची चाकं रस्ता धरून वळली आणि मागचा भाग सरळ बाहेर फेकला गेला. गाडी आडवी होऊन कठड्याला टेकली. मागून ट्रक येत नव्हता म्हणून सगळे वाचले. रेडियल वळणावर नायलॉनपेक्षा जास्त पकड धरतो. पुढे पकड आणि मागे नाही, तर शेपूट सुटणारच. एका अ‍ॅक्सलवर दोन जाती कधीही नकोत. दोनच घेणं अगदी भाग असेल तर रेडियल मागे. माझं मत विचाराल तर चारही एका जातीचे होईपर्यंत थांबा, गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालेल. स्टेपनीही त्याच जातीची हवी.

जुन्या रिमला आतून उंचवटा नसेल तर ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय लावू नका. हवा कमी झाली की वळणावर तो रिमवरून सरकतो. रेडियलमध्ये रेडियलचीच ट्यूब घाला, आणि टायरच्या आत चिकटवलेला कागद आधी काढा, तो ट्यूबला घासून भोक पाडतो.

मापाच्या पुढे 82S असं काही लिहिलेलं असतं. त्यातलं अक्षर कमाल वेगाचं: S म्हणजे ताशी 180 किलोमीटर, T म्हणजे 190. आपल्या गाड्यांना एवढं पुष्कळ झालं. त्याआधीचा आकडा वजनाचा, तो मात्र सोडू नका; 82 म्हणजे एका टायरवर 475 किलो.

शेवटी तारीख. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाआधीचा, तो परत करा. हौशी गाड्या फार चालत नाहीत, त्यामुळे टायर गोटा होण्याआधी रबर कडक होतं आणि बाजूला बारीक चिरा पडतात. नक्षी नव्यासारखी दिसली तरी दहा वर्षांचा टायर मी काढून टाकतो. दुकानात चारही टायरची तारीख स्वतः वाकून वाचतो, आणि ती वाचून झाल्याशिवाय एकही टायर रिमवर चढवू देत नाही.