ठाण्यातील शंभर वर्षांच्या घराची नोंद कशी करावी

नौपाडा, चरई, खारकर आळी, उथळसर या भागांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत बांधलेली एक-दोन मजली कौलारू घरे अजूनही उंच इमारतींच्या बेचक्यात तग धरून आहेत. त्यांतील बहुतेकांच्या पुनर्विकासाची बोलणी आज ना उद्या होणार, हे मालकालाही ठाऊक असते आणि भाडेकरूलाही. करारावर सह्या झाल्या की घर उतरवायला फार दिवस लागत नाहीत. मागे राहतात ते मुंजी-लग्नांचे फोटो, ज्यांत माणसे पुढे असतात आणि घर त्यांच्या पाठीमागे अर्धवट दिसते. घर वाचवणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते; त्याची नीट नोंद करणे मात्र घरातली दोन माणसे चार-सहा रविवारांत सहज करू शकतात, आणि त्यासाठी वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जुन्या घराला एकच वय नसते. जोते एका पिढीने घातलेले असते, वरचा मजला दुसरीने चढवलेला असतो, मागची मोरी आणि संडास तिसरीने बांधलेले असतात, आणि कौले तर अनेकदा बदललेली असतात. ‘आमचे घर १९१२ चे’ असे सांगण्यात अभिमान असतो, पण नोंदीसाठी ते वाक्य पुरेसे नाही. म्हणून वहीत घराच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र पान द्यावे आणि त्यावर चार रकाने आखावेत: भाग कोणता, तो कशाचा बनला आहे, त्याचा अंदाजे काळ कोणता, आणि हा अंदाज आपण कशावरून केला. चौथा रकाना कधीही रिकामा ठेवू नये, कारण पुढे कोणी आपली नोंद तपासायला घेतली तर त्याला निष्कर्षापेक्षा पुराव्याचाच अधिक उपयोग होईल.

कागदपत्रे

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा घ्यावा. त्यात भूखंडाचे क्षेत्र, धारकांची नावे आणि वेळोवेळी झालेले फेरफार मिळतात. मात्र त्या तारखा जमिनीच्या हक्काच्या असतात, बांधकामाच्या नव्हेत, हे विसरू नये. ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची असल्यामुळे घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि बांधकाम परवानगीचे नकाशे ट्रंकेत किंवा माळ्यावर सापडण्याची शक्यता बरीच असते. घरपट्टीची आकारणी एखाद्या वर्षी एकदम वाढलेली दिसली, तर त्याच सुमारास मजला चढला किंवा खोल्या वाढल्या असाव्यात, असा तर्क करता येतो.

खरेदीखत हाताशी असेल तर त्यातील चतुःसीमा शब्दशः उतरवून घ्यावी. पूर्वेस कोणाची वाडी, पश्चिमेस कोणती वाट, दक्षिणेस कोणाची विहीर, हे त्या चार ओळींत लिहिलेले असते, आणि आज काँक्रीटखाली गेलेली जुनी आळी त्यातून डोळ्यांसमोर उभी राहते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बराच मजकूर मोडी लिपीत आहे. तो वाचता आला नाही म्हणून कागद बाजूला टाकू नये. सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता त्याचे फोटो काढावेत आणि जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. कागदाची घडी तुटत असेल तर चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि अक्षरे खातो.

छपरापासून खाली

घराकडे पाहण्याचा क्रम पावसाच्या पाण्याने ठरवावा, असा माझा आग्रह आहे. ठाण्यात चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि इथल्या घराचा जवळजवळ प्रत्येक अवयव त्या पावसाला दिलेले उत्तर आहे. पाणी छपराच्या उतरत्या बाजूवरून, म्हणजे पाख्यावरून, वळचणीला, वळचणीतून अंगणात आणि अंगणातून गटाराकडे किंवा विहिरीच्या बाजूला कसे जाते, त्या वाटेने आपण खाली उतरलो की छपराचा उतार, पडवीची रुंदी आणि जोत्याची उंची या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या दिसतात. चढउताराचे आणि मोजमापाचे काम दिवाळीनंतर करावे. पण एक फेरी जुलैतल्या भर पावसात अवश्य मारावी, कारण पागोळ्या कुठे पडतात आणि ओल कुठे चढते हे कोरड्या दिवसांत कळत नाही.

छप्पर दुपाखी आहे की चौपाखी, आढे कोणत्या दिशेने जाते, वाशांखाली कैची (लाकडी त्रिकोणी सांगाडा) आहे की भिंतीवरच तुळया टेकवल्या आहेत, हे आधी लिहावे. नंतर कौलांकडे वळावे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे तिथल्या अनेक कारखान्यांची कौले समुद्रमार्गे मुंबईला येऊ लागली. कोकणपट्टीतल्या घरांवरची देशी नळीची कौले त्यांनी हळूहळू मागे सारली. उतरवलेले एखादे कौल पालथे करून ब्रशने धूळ झाडली की कारखान्याचे नाव, गावाचे नाव आणि बहुधा एखादे चिन्ह उठावात दिसते. उजेड समोरून न पाडता बाजूने तिरका पाडावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही वाचता येतात.

इथे एक सावधगिरी हवी. काही कौलांवर जे साल असते ते कारखाना स्थापन झाल्याचे असते, कौल भाजल्याचे नव्हे. त्यामुळे ‘१८६५’ वाचून घर दीडशे वर्षांचे ठरवणे चुकीचे आहे. याउलट कौलावर ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ असे नाव असेल, तर ते पहिल्या महायुद्धानंतरचे आहे असे खात्रीने म्हणता येते, कारण बासेल मिशनचे कारखाने त्या युद्धानंतर या कंपनीकडे गेले. कौले दरवर्षी मे महिन्यात शाकारली जात, फुटकी बदलली जात आणि चांगली जुनी कौले मागच्या पडवीवर किंवा न्हाणीघरावर सरकवली जात. म्हणून सर्वांत जुने कौल समोरच्या पाख्यावर शोधण्यापेक्षा परसात शोधावे. सुटे निघणारे प्रत्येक वेगळ्या छापाचे एकेक कौल जपून ठेवावे आणि ते कोणत्या पाख्यावरून काढले हे खडूने त्याच्या मागे लिहावे.

वळचणीच्या लाकडी झालरीची नक्षी कागद लावून पेन्सिलीने उठवून घेतली तर फोटोपेक्षा अचूक राहते. घर उतरवताना सर्वांत आधी हीच झालर तुटते.

भिंती, लाकूड, लोखंड

जोते बहुधा घडीव काळ्या दगडाचे असते आणि त्यावर विटांची, चुन्यात बांधलेली भिंत उभी राहते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजावी. चौदा इंच म्हणजे दीड विटेची भिंत, अठरा इंच म्हणजे दोन विटांची. तळमजल्याला अठरा आणि वरच्या मजल्याला चौदा किंवा नऊ इंच असा फरक आढळला तर तो लिहून ठेवावा, पण तेवढ्यावरून वरचा मजला नंतरचा आहे असे ठरवू नये, कारण भिंत वर जाताना बारीक करण्याची पद्धतच होती. गिलावा जिथे आपोआप निखळला असेल तिथेच विटा पाहाव्यात; नोंदीसाठी भिंत खरवडण्याचे कारण नाही. एका विटेचे माप फसवे असते, तेव्हा दहा थरांची एकूण उंची मधल्या सांध्यांसकट मोजून दहाने भागावे. दोन भिंतींतील ही सरासरी वेगळी आली तर विटांची खेप वेगळी, आणि बहुधा बांधकामाचा काळही वेगळा.

चुना आणि सिमेंट ओळखणे अवघड नाही. विटांच्या सांध्यातला चुना नखाने किंवा चावीच्या टोकाने किंचित खरडला की पांढरी किंवा सुर्खी (विटांचा चुरा) मिसळल्यामुळे गुलाबी भुकटी पडते. सिमेंट राखाडी असते आणि दाद देत नाही. घाण्यात मळलेला चुना ओल शोषतो आणि ती पुन्हा बाहेर सोडतो. अशा भिंतीवर नंतर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, रंग फुगतो, विटेचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि दोष मात्र ‘घर जुने झाले’ या सबबीवर ढकलला जातो. म्हणून सिमेंटचा हात कुठवर पोहोचला आहे ते नकाशात वेगळ्या रंगाने दाखवावे. पुढे घर दुरुस्त करायचे ठरले तर हीच खूण सर्वांत मोलाची ठरेल.

लाकडाच्या बाबतीत सांध्यांकडे पाहावे. चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी मेखा आहेत की खिळे, बिजागरीचे स्क्रू एका खाचेचे आहेत की फुलीचे, हे टॉर्च लावून तपासावे. फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा शोध आहे, त्यामुळे तो दिसला तर निदान ती बिजागरी तरी नंतर बसवलेली आहे. त्या काळातली खिडकी मात्र सावकाश पाहण्यासारखी असते. ती बहुधा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर सुरू होते आणि तिचे खालचे व वरचे अर्ध स्वतंत्र उघडते: खालचे अर्ध लावून घेतले की बसलेल्या माणसाला आडोसा मिळतो आणि वरच्या अर्धातून वारा खेळता राहतो. झडपा (आडव्या तिरक्या पट्ट्या) असतील तर त्या सगळ्यांना जोडणारी मधली उभी दांडी वरखाली करून पाहावी; ती किती अंशांत थांबते, कुठे अडते, किती झडपा बदललेल्या आहेत, हे लिहावे. वरच्या अर्धगोलात रंगीत काचा असतील तर प्रत्येक काचेचा रंग छोट्या आकृतीत भरावा, कारण फुटलेल्या काचेच्या जागी साधी काच बसवण्याची प्रथा सर्रास आहे.

मजल्याखाली लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या उभ्या पोटावर पोलाद गिरणीचे नाव उठावात असते. ‘डोरमन लाँग’ हे इंग्लंडमधील मिडल्सबरोच्या कंपनीचे नाव. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागले, तेव्हा टाटांची छाप असलेली तुळई त्याच्या आधीची असू शकत नाही. फरशीचेही तसेच. शहाबादी फरशी दीर्घकाळ वापरात असल्याने तिच्यावरून काळ ठरत नाही. पण नक्षीची रंगीत सिमेंट टाइल असेल तर ती विलायतेची की इथली हे पाहावे. मुंबईच्या भारत टाइल्सने अशा टाइल १९२२ पासून बनवायला घेतल्या. एखादी सुटलेली टाइल पालथी करून मागचा छाप वाचावा आणि पुन्हा जागेवर ठेवावी. वीज नंतर आलेली असते, आणि लाकडी पट्टीतून गेलेली वायर, चिनी मातीच्या गुंड्या, काळी गोल बटणे ही तिची पहिली पिढी. ती चालू नसली तरी काढून टाकण्याआधी फोटो घ्यावा.

मोजमाप

मोजमाप फूट, इंच आणि सुतांत करावे. घर बांधणाऱ्या गवंड्याने आणि सुताराने त्याच मापात विचार केला होता, त्यामुळे खोली दहा बाय बारा, खिडकी तीन बाय पाच अशी सरळ आकडेमोड लगेच लक्षात येते. मीटरमध्ये तीच मापे निरर्थक दिसतात. सुताची सवय नसेल तर एका इंचाला आठ सूत एवढे लक्षात ठेवले की पुरे. खोलीच्या चारही बाजू मोजून थांबू नये, दोन्ही कर्ण मोजावेत, कारण जुनी खोली क्वचितच काटकोनात असते आणि कर्णांशिवाय नकाशा जुळत नाही. भिंत कलली आहे असे वाटले तर ओळंबा सोडून वर आणि खाली अंतर घ्यावे.

ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, माळा अशी खोल्यांची नावे घरातले जसे उच्चारतात तशीच नकाशावर लिहावीत. ‘लिव्हिंग रूम’ लिहिल्याने घराचा वापर कसा होता ते पुसले जाते. कोनाडे, खुंट्या, फडताळ, उखळ पुरलेली जागा, विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा हे सर्व नकाशात यावे. माळ्यावर जाताना फळीच्या मधोमध पाय देऊ नये. खालच्या तुळईच्या रेषेत, जिथे खिळे दिसतात तिथेच पाऊल टाकावे, कारण वाळवी वरून दिसत नाही.

फोटो काढताना प्रत्येक भिंत समोरून, भिंतीला समांतर उभे राहून टिपावी आणि चौकटीत मापाची पट्टी धरावी. फोनची रुंद लेन्स कडा वाकवते, तेव्हा जागा असेल तर मागे सरकून साध्या लेन्सने काढावे. फाइलला खोलीचे नाव आणि दिशा द्यावी.

घरातल्या ज्येष्ठांना विचारताना

आजी-आजोबांना साल विचारू नये, प्रसंग विचारावा. ‘वरचा मजला कधी झाला?’ याला उत्तर येते ‘खूप वर्षे झाली’. ‘तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा जिना आतून होता की बाहेरून?’ याला नेमके उत्तर येते. सार्वजनिक घटनांचा आधारही चांगला मिळतो: ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात भिंतीला तडा गेला का, १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी कोणत्या काचांना काळा कागद लावला होता, नव्या पैशांच्या आधी भाडे किती होते. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्याबद्दल घरातल्या स्त्रियांशीच बोलावे. चूल कोणत्या भिंतीला होती, धूर कुठून बाहेर जाई, पापड-सांडगे वाळत घालायला गच्चीवर की अंगणात, यातून खोल्यांचा मूळ क्रम जितका स्पष्ट होतो तितका तो नकाशातून होत नाही. पूर्वी राहून गेलेल्या भाडेकरूंनाही अवश्य गाठावे. मालकाच्या कुटुंबाला माहीत नसलेले फेरबदल त्यांनी स्वतःच्या खर्चाने केलेले असतात.

घर उतरवायचे निश्चित झाले असेल तर ठेकेदाराशी करार होण्यापूर्वीच त्यात लिहून घ्यावे की दारे, खिडक्या, खांब, ब्रॅकेट आणि टाइल या वस्तू क्रमांक घालून, नकाशातील त्याच क्रमांकांनुसार सोडवल्या जातील; तोंडी आश्वासन पहिल्या टेम्पोबरोबर निघून जाते. चौकट सोडवताना तिची गणेशपट्टी वेगळी करू नये. पूर्ण झालेल्या नोंदीच्या छापील प्रती तीन काढाव्यात: एक कुटुंबाकडे, एक नव्या सोसायटीच्या दप्तरी, आणि एक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे ती स्वीकारण्याची विनंती करून. १८९३ पासून हे ग्रंथालय या शहराचे कागद सांभाळत आले आहे. प्रतीवर नोंद करणाऱ्यांची नावे आणि काम केल्याचे महिने लिहावेत, आणि जिथे आपला अंदाज कच्चा आहे तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह राहू द्यावे.