बंद खदानीत पाण्याची बॅटरी बसेल का? कागदावर असं तपासा

आमच्या चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा काढून झाला की मागे दोन गोष्टी उरतात, एक हिरव्या पाण्याने भरलेला खोल खड्डा आणि त्याच्या शेजारी ओबीचा म्हणजे मातीदगडाचा डोंगर. ते बघून बरेच जण म्हणतात की खाली पाणी आहे, वर डोंगर आहे, मग पंप्ड स्टोरेज का नाही करत? दुपारी सोलरची वीज जास्त होते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की तेच टर्बाईनवरून खाली सोडायचं. प्रश्न अगदी बरोबर आहे, पण आधी हिशोब करून बघा.

सगळ्यात आधी उंची मोजा, म्हणजे हेड. गुगल अर्थवर खड्ड्यातल्या पाण्याची आणि वरच्या संभाव्य तलावाच्या जागेची उंची बघा आणि वजाबाकी करा. फक्त एक लक्षात ठेवा, खाणीच्या जागी तिथली उंची बरेचदा जुनी असते, खड्डा पूर्ण खोदायच्या आधीची, त्यामुळे खाणीचा नकाशा मिळाला तर तोच धरा. आणि कृपा करून टेप घेऊन काठावर जाऊ नका, कडा कधी ढासळेल सांगता येत नाही.

मग हे सूत्र: घनमीटर पाणी गुणिले मीटर उंची भागिले 367, आलं ते युनिट. गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीवर करून बघा, 10 मीटर उंची धरली तर जेमतेम 0.027 युनिट, म्हणजे 9 वॅटचा एलईडी 3 तास. पाण्यात वीज किती कमी मावते हे इथे कळतं. आता 10 हेक्टरचा, 10 मीटर खोल तलाव घ्या, 10 लाख घनमीटर, हेड 100 मीटर: सुमारे 2 लाख 72 हजार युनिट, टर्बाईनमधली घट धरून 2 लाख 40 हजार, म्हणजे 6 तास 40 मेगावॅट. हेड 50 मीटरच निघालं तर सगळं निम्मं. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प चालतो कारण तिथे सह्याद्रीचा कडा आहे, 400 मीटरच्या आसपास हेड. आपल्याकडे सपाट मुलूख, म्हणून खड्ड्याच्या आकारापेक्षा मी खोलीला जास्त महत्त्व देतो. शिवाय पाणी खाली आलं की खड्डा भरतो आणि वरचा तलाव उतरतो, म्हणजे हेडही कमी होत जातं, तेव्हा सरासरी धरा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या किडस्टनचं उदाहरण बघा. 2001 मध्ये बंद झालेली सोन्याची खाण, शेजारी-शेजारी दोन मोठे खड्डे, एक वरचा तलाव केला आणि दुसरा खालचा. 250 मेगावॅट, 8 तास. पण वीज बाहेर न्यायला 186 किलोमीटरची नवी लाईन टाकावी लागली! इथे चंद्रपूरचं नशीब चांगलं, 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र जवळच असल्याने मोठ्या लाईनी आधीच आहेत.

ओबीच्या डोंगरावर थेट तलाव बांधायचा विचार मात्र सावधपणे करा. ती माती सैल टाकलेली असते, पाणी मुरलं की घसरते, आणि इथे तर पाणी रोज चढणार-उतरणार. अस्तर आणि दाबून बसवलेला भराव याशिवाय ते होणार नाही, आणि तो खर्च मोठा आहे. शेजारी जुनी भुयारी खदान असेल तर पाणी तिकडे निघून जाईल, हेही नकाशात बघा.

पाण्याचा पीएचही, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे, तपासा. काठाचे दगड नारिंगी झाले असतील तर बहुतेक पायराईट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, हवा-पाण्याने कुजून आम्ल होतंय, असं पाणी टर्बाईन खातं.

शेवटची तपासणी मे महिन्यात, भर उन्हात. खड्ड्याच्या काठी किती मोटारी लागल्यात ते मोजा, कोण शेतीला पाणी घेतंय, गुरं कुठे पितात, मासेमारी कोणाची आहे ते विचारा. बाष्पीभवनाने जाणारं पाणीही दरवर्षी भरून काढावं लागेल, ते कुठून येणार हे आधी ग्रामसभेत मांडा, टेंडर निघाल्यावर नाही.