होडीचा डेक: पाय घसरू नये, भाजू नये, सोलवटू नये

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या किंवा तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन पाहायला जाणाऱ्या फायबरच्या होडीत चढणारा माणूस बहुधा अनवाणी असतो, त्याचे पाय ओले असतात आणि तळव्यांना वाळू चिकटलेली असते. गुळगुळीत जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, ही वाळू पकड देत नाही, उलट तिचे कण पायाखाली छऱ्यांसारखे फिरतात. त्यातच होडी कलली की सगळा भार एका पायावर येतो आणि घसरण्याचा प्रसंग ओढवतो. पाच ते आठ मीटर लांबीच्या अशा होडीवर डेकचा पृष्ठभाग निवडताना पकडीचा विचार तर करावाच, पण त्याच डेकवर माणसे बसतात, गुडघे टेकतात, मुलांना उतरवून घेतात आणि भर दुपारी तासन्‌तास उभी राहतात, हेही तितकेच ध्यानात घ्यावे. जो पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत असतो तो पायाला धरतो, पण गुडघा सोलवटून काढतो. जो मऊ असतो तो सुखावतो, पण गळाच्या एका टोकाने फाटतो. सगळ्या डेकवर एकच वस्तू लावण्याचा आग्रह म्हणूनच सोडून द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी खडूने डेकचे भाग आखून घ्यावेत. प्रवासी जिथून चढतात आणि उतरतात ती नाळेजवळची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळची जागा, नांगर आणि दोर हाताळण्याची जागा, प्रवाशांचे पाय जिथे टेकतात ती बाकांमधली जागा आणि इंजिन सांभाळणारा जिथे उभा राहतो ती मागची जागा, असे चार भाग बहुतेक होड्यांवर निघतात. पहिल्या दोन जागी पकडीला अग्रक्रम द्यावा आणि उरलेल्या दोन जागी आरामाला. होडीवरून पाणबुडे उतरत असतील तर हवेच्या टाक्या ठेवण्याची जागा पाचवी धरावी, कारण टाकीचा धातूचा बूड मऊ फोमवर कायमचे खड्डे पाडतो. तिथे जाड रबराची चटईच योग्य ठरते.

विकत घेण्यापूर्वी नमुना मागून घ्यावा आणि तो स्वतः तपासावा. फरश्यांच्या आणि चटयांच्या जाहिरातीत आर ९ पासून आर १३ पर्यंतचे जे अंक दिसतात, ते बूट घातलेल्या पायांनी तेलकट उतारावर घेतलेल्या चाचणीचे असतात. अनवाणी पायासाठी ते फारसे उपयोगाचे नाहीत. ओल्या अनवाणी पायासाठी जर्मनीच्या डीआयएन ५१०९७ या मानकाने अ, ब आणि क अशा तीन श्रेणी रूढ केल्या. साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या उतारावर चालणारा माणूस किमान १२ अंशांपर्यंत टिकला तर अ, १८ अंशांपर्यंत टिकला तर ब आणि २४ अंशांपर्यंत टिकला तर क. यावरून घरच्या घरी ढोबळ चाचणी करता येते. एक मीटर लांबीच्या फळीवर नमुना घट्ट चिकटवावा, त्यावर साबणाचे पाणी ओतावे, एकाने अनवाणी उभे राहावे आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलत न्यावे. टोक २१ सेंटिमीटर वर गेले की उतार सुमारे १२ अंश होतो, ३१ सेंटिमीटरला १८ अंश आणि ४१ सेंटिमीटरला २४ अंश. उभ्या राहणाऱ्याने हाताशी भक्कम आधार ठेवावा आणि शेजारी दुसरा माणूस असावा. चढण्या-उतरण्याच्या जागेसाठी मी तरी २४ अंशांवर पाय न सोडणाराच नमुना घेतो. हीच चाचणी तळव्याला थोडे खोबरेल तेल लावून पुन्हा करावी, कारण उन्हापासून बचावासाठी पर्यटक अंगाला जे लावून येतात त्याने डेक खरोखर तसाच तेलकट होतो. त्यानंतर तोच नमुना दुपारी बारा ते दोन उन्हात ठेवावा आणि त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे. दहापर्यंत मोजून होईतो पाय उचलावासा वाटला, तर तो रंग प्रवाशांच्या पायाखाली घालू नये.

रंगाचे महत्त्व मी अनुभवाने शिकलो. लाकडासारखा दिसतो म्हणून एका होडीवर मी गडद तपकिरी फोम लावून घेतला होता. डिसेंबरात तो सर्वांना आवडला, पण एप्रिलमध्ये मुले पाय वर घेऊन बाकावर बसू लागली आणि अखेर त्यावर सतत समुद्राचे पाणी ओतत राहावे लागले. फिकट राखाडी किंवा वाळूचा रंग सर्वांत सोयीचा ठरतो. पांढरा शुभ्र कमी तापतो, पण डोळ्यांवर तिरीप मारतो. ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा उन्हात पायाला लगेच चटका देतो आणि त्याची उंचवट्यांची टोके झिजली की ओल्यात घसरतोही, म्हणून तो प्रवाशांच्या होडीवर टाळावा.

आता प्रत्यक्ष पर्याय पाहू. सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ पर्याय म्हणजे कण मिसळलेला रंग. त्यासाठी वरचा थर पॉलियुरेथेन या प्रकारच्या रंगाचा असावा, कारण इपॉक्सी हा दुसरा प्रकार उन्हाने खडूसारखा भुकटतो. किनाऱ्यावरची वाळू चाळून रंगात टाकण्याची पद्धत मात्र सोडावी: तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, मीठ ओल धरून ठेवते आणि रंगाला फोड येतात. धुऊन वाळवलेली, एकसारख्या कणांची क्वार्ट्‌झची वाळू किंवा या कामासाठी मिळणारे प्लास्टिकचे गोल कण वापरावेत; गोल कण गुडघ्याला कमी बोचतात. कण रंगात कालवले तर ते तळाशी बसतात आणि कुठे दाट तर कुठे विरळ पडतात, म्हणून ओल्या रंगावर भोकांच्या डब्यातून ते भरपूर भुरभुरावेत, रंग वाळल्यावर सुटे कण झाडून टाकावेत आणि वर दोन हात पातळ रंग द्यावा. दोर आणि जाळी ज्या काठावरून ओढली जाते तिथे बारीक कणच ठेवावेत, नाहीतर दोर महिन्याभरात पिंजतो. खुंट्यांभोवती आणि पाणी जाण्याच्या भोकांभोवती दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी गुळगुळीत सोडली तर पाणी वाहून जाते आणि साफसफाई सोपी होते. रंग आणि तो घट्ट करणारे द्रव्य अशा दोन भागांत येणारे पॉलियुरेथेन मोकळ्या हवेत, योग्य मुखवटा आणि हातमोजे घालून रोलरनेच लावावे; त्याची फवारणी घरी कधीही करू नये.

बसण्या-उभे राहण्याच्या जागांसाठी ईव्हीए या रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या फोमच्या, चिकटपट्टी असलेल्या चादरी उत्तम. त्यातील हवेच्या बारीक पेशी बंद असल्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि इंजिनाची थरथर पायापर्यंत कमी पोचते. पाच-सहा मिलिमीटर जाडी पुरेशी असते. सुकाणूजवळ दुप्पट चालेल, पण त्याहून मऊ थरावर पाय रुततो आणि तोल सावरणे अवघड जाते. आठ चौरस मीटर डेकवर सहा मिलिमीटर फोमचे वजन दहा किलोच्या आसपास भरते, तर दहा मिलिमीटर सागवानाचे पन्नास किलोहून अधिक. लहान होडीला हा फरक जाणवतो. मासेमारीच्या होडीवर मात्र फोम लावू नये. गळ, सुरी, बर्फाच्या पेट्या आणि सांडलेले डिझेल यांपुढे तो एक मोसमही नीट निभावत नाही. बुचाच्या लाकडाचा, म्हणजे कॉर्कचा डेक पायाला फोमइतकाच सुखद, उष्णता कमी वाहून नेणारा आणि दुरुस्तीला सोपा असतो, पण तो महाग पडतो. सागवान ओले झाले तरी पाय धरते. मात्र त्याचे वजन सोसणारी होडी हवी, आणि ते घासताना नेहमी रेषांच्या आडवे, मऊ कुंच्याने घासावे, कारण रेषेच्या दिशेने घासल्यास मऊ भाग निघून जातो आणि फळी खाचाखाचांची होते. खरखरीत चिकटपट्टी फक्त पायरीच्या कडेला लावावी. जाळीदार रबरी चटई सुटी असावी, म्हणजे रोज उचलून तिच्याखालची वाळू आणि पाणी काढता येईल.

काहीही लावण्यापूर्वी हातोडीच्या दांड्याने सगळा डेक ठोकून पाहावा. जिथे आवाज बद्द येतो किंवा पायाखाली डेक दबतो, तिथे आतले प्लायवूड कुजलेले असण्याची शक्यता असते आणि वरून आच्छादन घातले की ते दिसेनासे होते. ती जागा आधी दुरुस्त करावी. मग मेण काढणाऱ्या द्रावणाने डेक पुसावा आणि त्यानंतरच ८० ते १२० नंबरच्या पॉलिश कागदाने घासावा. हा क्रम उलटला तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते आणि रंगही धरत नाही, गोंदही धरत नाही. मूळ साच्यातच उठवलेली नक्षी असेल तर फोमचा गोंद तिच्या फक्त टोकांना चिकटतो, म्हणून ती आधी घासून सपाट करावी. फोमचे तुकडे कापण्यासाठी आधी वर्तमानपत्राचे साचे करावेत आणि प्रत्येक कोपरा वाटीच्या काठाने गोल आखावा, कारण टोकदार कोपरे सर्वांत आधी सुटतात. चिकटवल्यावर रोलरने दाबून किमान चोवीस तास पाणी लागू देऊ नये.

कोकणात हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून अनेकजण रंगाचे काम तेव्हासाठी ठेवतात; परंतु त्या दमट हवेत रंग नीट बसत नाही. सकाळी दव पूर्ण सुकल्यावर सुरुवात करावी, होडीवर सावली धरावी आणि संध्याकाळचा ओलावा यायच्या आत हात थांबवावा.

नंतर रोजच्या फेऱ्या संपल्यावर डेक गोड्या पाण्याने धुवावा आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने, विशेषतः बाकांखालच्या सावलीत, जिथे हिरवे शेवाळ आधी धरते. डेकला मेणाची किंवा तेलाची चकाकी कधीही देऊ नये. दर मोसमाच्या सुरुवातीला चढण्याच्या जागेवर बादलीभर पाणी ओतून अनवाणी उभे राहावे आणि तिथली पकड शेजारच्या कमी वापरलेल्या भागाशी पायानेच ताडून पाहावी. फरक जाणवला तर फक्त तेवढ्या भागावर कणांचा नवा थर द्यावा, सबंध डेक उकरण्याची गरज पडत नाही.