केमोनंतरचा स्तनाचा एमआरआय वाचायला शिकताना

शस्त्रक्रियेआधीच्या केमोला गाठीनं किती दाद दिली, हे सांगणारा रिपोर्ट लिहायची पाळी रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीत कधीतरी येतेच. कॅन्सर आधीच सिद्ध झालेला असतो, त्यामुळे बायरॅड्स ६, म्हणजे ‘कॅन्सर सिद्ध झालेला’ हा ठरलेला शेरा, लिहून भागत नाही. सर्जनला कळायला हवं असतं की आता नेमकं किती उरलंय आणि कुठे. हे शिकताना मला फार जड गेलं. आजही अशी केस समोर आली की पोटात गोळा येतो.

एमआरआयचे सिक्वेन्स (चित्रांचे प्रकार) वगैरे तुम्हाला येतातच, म्हणून थेट मी अडकले त्या जागी येते. केमोनं गाठीतल्या पेशी मरतात, तशा तिच्या रक्तवाहिन्याही आटतात. केमोआधी कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या दोन मिनिटांत लख्ख उजळणाऱ्या गाठीचा उरलेला जिवंत भाग आता रेंगाळत, पाचव्या-सहाव्या मिनिटाला, तोही फिकट उजळतो. टॅक्सेन गटातल्या केमोच्या औषधांनंतर तर जास्तच सावध राहा. सुरुवातीचं सब्ट्रॅक्शन (कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं वजा केलेलं चित्र) काळं, एमआयपी (सगळ्या स्लाइसमधले उजळ ठिपके एकत्र दाखवणारं चित्र) स्वच्छ, आणि हात आपोआप ‘पूर्ण प्रतिसाद’ टाइप करायला जातो. थांबा. डिलेड फेज, म्हणजे उशिराच्या मिनिटांची चित्रं, उघडा. केमोआधीचा स्कॅन शेजारी लावा, गाठ होती त्याच जागी या आणि एकेक स्लाइस दोन्ही फेजमध्ये बघा. आसपासच्या निरोगी भागापेक्षा थोडासा जरी उजळ पट्टा दिसला तरी तो मोजा. तिथे कधी नुसता व्रणही निघतो, तरी रिपोर्टमध्ये उल्लेख हवाच. पुन्हा सांगते, लवकर उजळलं नाही म्हणजे तिथे काही नाही, असं होत नाही.

सॉफ्टवेअरचे रंगीत नकाशे पहिलं वर्षभर बंद ठेवा, असं माझं ठाम मत आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उजळलेला भागच ते रंगवतात. आय-स्पाय या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधचाचण्यांमध्ये वापरलेल्या फंक्शनल ट्यूमर व्हॉल्यूममध्येही (एमआरआयवरून मोजलेलं गाठीचं आकारमान), कॉन्ट्रास्टनंतर साधारण अडीच मिनिटांनी सिग्नल निदान ७०% वाढलेला भागच धरतात. एमआरआय संशोधक नोला हिल्टन यांच्या गटाचं ते काम मोलाचं आहे. केमो सुरू असतानाच ती लागू पडतेय का, याचा अंदाज त्यातून येतो. पण व्हॉल्यूम शून्य आलं म्हणजे काढायला काही उरलं नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरी अडचण आकाराची. काही गाठी चहूबाजूंनी आकसतात, काहींची बेटं होतात. समजा, सगळ्यात मोठं बेट ८ मिमी आहे, पण बेटं ४० मिमी भागात विखुरली आहेत. फक्त ८ लिहिलंत तर सर्जन चुकीचा बेत आखतील. दोन्ही आकडे लिहा. रेसिस्ट १.१ या गाठीचा प्रतिसाद मोजायच्या निकषांमधली ३०% घटीची अट ऑन्कॉलॉजिस्टच्या कामाची. ऑपरेशनला पूर्ण पसारा लागतो.

घाबरून जाऊ नका, सगळ्याच केस अशा नसतात. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू दोन्ही नसलेल्या) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह गाठींमध्ये एमआरआयचा अंदाज बराच जुळतो. हार्मोन पॉझिटिव्ह आणि लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींपासून सुरू होणाऱ्या) गाठींमध्ये मात्र हात राखून लिहा. मॅमोग्राफीवर कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचे ठिपके) तसंच राहिलं तरी गाठ जिवंत आहे असं नाही; मेलेल्या गाठीतही ते टिकतं.

केमोआधी गाठीत क्लिप (जागा ओळखायची धातूची बारीक खूण) टाकली आहे ना, हे पहिल्याच स्कॅनच्या वेळी विचारा. गाठ खरंच दिसेनाशी झाली तर नंतर जागा दाखवायला तीच उरते.

आणि गुरू निवडताना तयार टेम्प्लेट देणाऱ्या सिनियरच्या मागे लागू नका. ‘त्या पेशंटची पॅथॉलॉजी वाचलीस का?’ असं ऑपरेशननंतर आठवणीनं विचारणाऱ्या मॅडम भेटल्या तर त्यांना सोडू नका. ‘पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स’, म्हणजे काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर उरलेला नाही, हे ठरवणं पॅथॉलॉजिस्टचं काम. आपण फक्त ‘एमआरआयवर दिसत नाही’ एवढंच लिहायचं.