केळीची ढकलगाडी बनवताना या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीचा घड वावरातून रस्त्यापर्यंत बहुतेक ठिकाणी डोक्या-खांद्यावरच येतो. एकेक घड २० ते २५ किलोचा. त्यासाठी ढकलगाडी बनवायची तर शेतकरी, घड वाहणारा मजूर, वेल्डर आणि केळी पिकवणारा व्यापारी या चौघांचं ज्ञान लागतं. गाडी फसते ती हे ज्ञान जोडतानाच.

चौघांना एकत्र बसवून विचारलं की मालक बोलतो आणि मजूर मान डोलावतो. मजुराला वावरातच गाठा. ‘काय हवं’ हे विचारण्यापेक्षा घड उतरवताना त्याचे हात कुठे जातात ते बघा. गाडीची उंची तिथून ठरते.

सगळ्यांचं थोडं-थोडं ऐकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. चार घड मावावेत, पत्रा जाड हवा, वर सावली हवी, असं करत रिकामी गाडीच हलेनाशी होते. प्रत्येक मागणीपुढे कारण आणि आकडा लिहा. चार घड म्हणजे १०० किलोपर्यंत वजन. पाणी दिलेल्या काळ्या जमिनीत एकटा माणूस ते ढकलेल का? नसेल तर दोनच घड धरा. ओळींत दीड मीटर अंतर असलं तरी पिलं (केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब) आणि ठिबकच्या नळ्या वाट खातात, म्हणून रुंदी दोन फुटांच्या आत ठेवा.

मापांचा घोळ वेगळाच. शेतकरी फुटात बोलतो, वेल्डर सुतात, आराखडा मिलिमीटरमध्ये. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नुसतं ‘३ ची पट्टी’ म्हटलं आणि ३ सूत धरलं गेलं, तर ३ ऐवजी साडेनऊ मिमीची पट्टी लागते. वजन तिप्पट!

दुसरीकडची वस्तू उचलताना ती कशासाठी बनली ते पाहा. गोदामातल्या ट्रॉलीची छोटी चाकं फरशीवर पळतात, चिखलात रुततात. मोठं चाक घ्या, पण मडगार्ड लावू नका. चिकट माती तिथेच अडकून चाक जाम होतं. सोफ्याचा स्पंजही नको, तो केळीचा चीक आणि पाणी पितो. पुसता येईल असा बंद छिद्रांचा फोम लावा.

चाचणी त्याच दिवशी संपवू नका. हिरव्या सालीवर दाब फारसा दिसत नाही, पिकल्यावर काळा डाग उमटतो. गाडीतल्या आणि डोक्यावरून आणलेल्या फण्यांना वेगवेगळी खूण करा, एकाच खोलीत पिकवा आणि डाग मोजा. तोवर दुसऱ्या गाडीचं लोखंड कापू नका.