प्रत्यारोपणानंतर घरच्या घरी स्पायरोमीटर कसा फुंकावा

फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या लोकांच्या वह्या वाचणं हे माझ्या संशोधनातलं रोजचं काम. घरच्या स्पायरोमीटरचे, म्हणजे फुंकलेली हवा मोजणाऱ्या छोट्या यंत्राचे आकडे, तारखा, मधूनच एखादा शेरा. शरीर परक्या फुप्फुसाला हळूहळू कसं नाकारतं, हे मला समजून घ्यायचंय. त्याचा पहिला सुगावा अनेकदा अशा वहीतच लागतो, कारण शस्त्रक्रियेत श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडत नाहीत. जोडाच्या खाली कफ साठला तरी खोकल्याची उबळ पूर्वीसारखी येत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर विसंबू नका. डॉक्टरांनी सुरू करायला सांगितलं, की त्या दिवसापासून नेमाने फुंका.

वेळ रोज एकच ठेवा. इनहेलर घेत असाल तर तो फुंकण्याआधी की नंतर, हे एकदाच विचारून घ्या आणि मग बदलू नका. भरल्या पोटी बसू नका, कमरेचा पट्टा सैल करा. खुर्चीत ताठ, पावलं जमिनीला टेकलेली, नाकाला चिमटा. नळी दातांमध्ये धरा, जीभ तिच्या खाली, ओठ भोवती घट्ट आवळलेले.

आता छाती भरेल तेवढा श्वास घ्या. भरली असं वाटलं, की अजून थोडा घ्या. मग न रेंगाळता, एकदम, सगळा जोर लावून सोडा. आपल्याला हवा असलेला आकडा एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा. मेणबत्ती विझवताना फुंकर मारतो तशी हलकी सुरुवात केलीत, तर तो सेकंद वाया गेला. पुढे हवा संपेपर्यंत ढकलत राहा. मी शेजारी उभी असते तेव्हा ‘अजून, अजून, अजून’ म्हणत राहते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा.

तीन चांगल्या फुंकरी हव्यात, मध्ये थोडी विश्रांती. सर्वात मोठ्या दोन आकड्यांत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा फुंका, पण आठाच्या वर जाऊ नका. पहिल्याच सेकंदात खोकला आला किंवा ओठांतून हवा निसटली, तर ती फुंकर धरायची नाही. उरलेल्यांतला सर्वात मोठा आकडा वहीत लिहा. शेजारी सर्दी, ताप, चुकलेली गोळी, जे असेल ते.

एका वहीत सलग अकरा दिवस 2.40 लिटर लिहिलेलं होतं. जिवंत माणसाची फुंकर रोज थोडी तरी हलते, त्यामुळे मला ते खटकलं. त्या गृहस्थांना विचारलं, तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. आकडा खाली येत होता आणि पुन्हा दाखल व्हायची धास्ती होती. तपासणीत संसर्ग निघाला, उपचार झाले, पण गेलेला श्वास सगळा परत आला नाही. अजून ती वही आठवली की जीव तुटतो. कृपा करून जो येईल तोच आकडा लिहा.

तुमचा मूळ आकडा डॉक्टर ठरवतात: प्रत्यारोपणानंतरच्या, किमान तीन आठवड्यांच्या अंतराने आलेल्या दोन सर्वोत्तम आकड्यांची सरासरी. समजा तो 2.60 लिटर आहे. त्याचे 10 टक्के 0.26, म्हणजे 2.34 ही तुमची सावधगिरीची रेघ. वहीच्या प्रत्येक पानावर ती लाल शाईने वर लिहून ठेवा. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. आकडा लागोपाठ दोन दिवस रेघेखाली गेला तर त्याच दिवशी फोन करा. ताप किंवा धाप असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घसरणीमागे संसर्ग असू शकतो, रिजेक्शन, म्हणजे शरीराचं नवं फुप्फुस नाकारणं, असू शकतं, जोडाजवळ श्वासनलिका अरुंद झालेली असू शकते. ते सीटी स्कॅन, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहणं) अशा तपासण्यांतून कळतं, वहीवरून नाही. म्हणून स्टिरॉइडचा डोस स्वतःहून वाढवू नका. घट 20 टक्क्यांवर जाऊन तिथेच टिकली, तर आम्हाला जुनाट रिजेक्शनची शंका घ्यावी लागते, आणि तिथून माघारी येणं फार अवघड असतं.

तपासणीला जाताना स्वतःचं यंत्र बरोबर न्या. तिथल्या मोठ्या यंत्रावर फुंकलात, की लगेच आपल्या यंत्रावरही फुंका आणि दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा. दोन यंत्रांत फरक असतोच. तो किती आहे हे माहीत असलं, की पुढच्या महिन्यातली घसरण यंत्राची की फुप्फुसाची, ते आम्हाला ओळखता येतं.